पुलाच्या अलीकडे

एल्नाने गाडीची किल्ली आर्विडच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं आपणच मिटवली.

"हा पूल आजवर किती वेळा पडलाय?" तिने विचारलं. प्रश्न मानसोपचार करणाऱ्या बाईंचा होता.

"अजून नाही. माझी वाट बघतोय."

"बघू दे. पलीकडे जायचं, वळायचं, परत यायचं. नीघ."

गावात आर्विड बिनधास्त गाडी चालवी, पण पलीकडे मुलीकडे जाताना पुलावर चाक एल्नाच्याच हाती असे. तो शेजारी डोळे गच्च मिटून, आणि ती त्याचं लक्ष दुसरीकडे वळवायला अखंड बडबडत. एकदाच त्याने एकट्याने प्रयत्न केला, तर मधोमध गोठला. गाडी ओढून आणावी लागली.

ईस्टरनंतर एल्नाच्या नजरेच्या ऐन मध्यावर करडा डाग बसला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तिने आर्विडला गुडघ्याचं निमित्त सांगितलं. घाबरणाऱ्याला आणखी एक भीती कशाला?

बाईंनी त्याला भीतीचे विचार कागदावर मांडून तपासायला लावले. मग संमोहनात, खुर्चीत बसून, मनातल्या मनात पूल ओलांडायला शिकवलं. पहिल्या खेपेला तो पुलावरच घोरू लागला. शेवटी बाई एल्नाकडे वळल्या.

"त्याची कुबडी तुम्ही आहात. तो एकटा पुलावर जाईल, त्या दिवशी त्याचा फोनसुद्धा उचलायचा नाही."

"आणि मध्येच थांबला तर?"

"भीती चढते तशी उतरते. ते त्याचं त्याला कळू द्या."

गाडी गेली. एल्ना किनाऱ्यावरच्या बाकावर बसली. पूल तिला धुरकट रेघेसारखा दिसत होता.

फोन वाजला. आर्विडसाठी लावलेली धून. तिचा अंगठा पुढे झाला. उचलला नाही तर बायको कसली, आणि उचलला तर सगळं मुसळ केरात. तिने फोन मांडीखाली दाबला. तो थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला, आणि ती शांतता तर अजिबात सोसवेना. ओढगाडीचा भोंगा येतो का, म्हणून ती कान देऊन बसली. गाड्या येत-जात होत्या. कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने पुलावरची नजर काढली नाही.

"एल्ना."

तो अगदी समोर उभा होता.

"आलास?"

"दोनदा हॉर्न दिला. तू माझ्याकडेच बघत होतीस."

"ऊन होतं डोळ्यांवर."

आर्विडने वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं. तो शेजारी टेकला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"फोन कशाला केलास रे?"

"पहिला, फाटली म्हणून. तू उचलला नाहीस, तेव्हा तुला शिव्या घालत घालत निम्मा पूल संपला." त्याने हात पँटला पुसले. "दुसरा, जहाज चाललं होतं खालून, म्हणून. म्हटलं, एल्नाला सांगावं, बघ."

"कसं होतं?"

आर्विड तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग घसा खाकरला.

"लाल," तो म्हणाला. "आपली अख्खी गल्ली मावेल एवढं लांब. मागच्या टोकाला कुणीतरी चड्ड्या वाळत घातल्या होत्या. दोन निळ्या, एक पांढरी."

तेवढ्या उंचीवरून चड्ड्या दिसणं शक्य नव्हतं.

"मग पुढे?" एल्ना म्हणाली.