उठा म्हणणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे, आणि मला राग आलेला आहे. बाकाला कसला आलाय राग, असं म्हणाल. आधी ऐकून तर घ्या.

पुलापलीकडच्या वस्तीत एका सुतारानं मला घडवलं. पलीकडे सगळी काळ्या कातडीची माणसं, अलीकडे गोरी. त्यानं रंधा असा फिरवला, की अलीकडच्या बँकेनं मला हौसेनं विकत घेतलं. "वा! काय हात आहे!" बँकेचे साहेब म्हणाले.

पुढे तोच सुतार कर्ज मागायला आला. मोठ्या रस्त्यावर स्वतःचा कारखाना काढायचा, एवढंच त्याचं स्वप्न.

"राहता कुठे?" साहेबांनी विचारलं.

"पुलापलीकडे."

"बरं, बसा."

आणि तो बसला, माझ्यावरच! दुपार कलली तरी बोलावणं नाही. किती हेलपाटे घातले बिचाऱ्यानं! शेवटी साहेब म्हणाले, "पलीकडे आम्ही कर्ज देत नाही हो. नियम आहे." शिवी नाही, आरडाओरडा नाही. सगळं कसं गोड गोड!

माझ्यावर बसून माणसं कुजबुजत. कर्ज नाही म्हणून पलीकडे दुकानं नाहीत. दुकानं नाहीत म्हणून नगरपालिकेला कर कमी, कर कमी म्हणून शाळेला मास्तर कमी. आणि वर अलीकडचे म्हणणार, "त्या लोकांत मुळात हुशारीच नाही!" चोर तो चोर, वर शिरजोर!

सुतार तसाच, कर्जाविना, वारला. रंधा त्याच्या लेकीनं हातात घेतला. एके दिवशी तीही बँकेत आली, पण सगळी वस्ती घेऊन. साहेब नवे, प्रश्न जुनाच. मग तेच हसू. "बसा ना, ताई."

"बसून बसून बापाचा जन्म गेला, साहेब. उभ्यानंच बोलू. आमच्या ठेवी तुम्हाला चालतात, मग आम्ही का चालत नाही? सांगा, नाहीतर सगळ्यांचे पैसे आत्ता काढून द्या."

साहेब तो नियम शोधायला आत धावले. एवढी गर्दी, आणि मी रिकामा! काय सांगू, ऊर भरून आला. संध्याकाळी कळलं, तो नियम म्हणे कुठे लिहिलेलाच नव्हता.

कर्ज मिळालं. ताईनं मलाही मागून घेतलं, डगमगणारा पाय बसवला. आता मी तिच्या कारखान्यात असतो. शाळेला मास्तर मात्र अजून कमीच आहेत. उद्या वस्ती नगरपालिकेत जाणार आहे. तिथेही एखादा बाक असेलच.

मित्रांनो, आम्हा बाकांना जपा. खिळा निघाला तर ठोका. पण कुणी गोड बोलून तुम्हाला नुसतं बसवून ठेवलं, तर माझी शपथ आहे, उठा!