पुठ्ठ्याच्या मापाचे कार्ड

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावरची चित्रे रंगवायची आणि हलवायची, हे माझे काम. मी आखूड आहे. पाठीवर एकच पंखा आहे. पण आधीच सांगून ठेवते, माझी कीव करू नका. मला कापून लहान केलेले नाही. मला लहानच घडवले आहे.

कारखान्यात मोठ्या कार्डांच्या रांगेतच मलाही तापवले, पळवले, दमवले. मी कुठे अडले नाही. दुकानात मात्र मोठी कार्डे काचेत रंगीत दिव्यांखाली बसली आणि मी खालच्या फळीवर, वायरींच्या भेंडोळ्यांमागे. गिऱ्हाईक खोका हातात घ्यायचे, "हे एवढंसं?" म्हणायचे आणि परत ठेवायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एका दुपारी दोघी बहिणी दुकानात आल्या. थोरलीची नाटक मंडळी होती. शाळांच्या सभागृहांतून त्यांचे प्रयोग होत. धाकटी नेपथ्य करायची. ती संगणकावर जंगल, वादळ, समुद्र तयार करून रंगमंचामागच्या पांढऱ्या पडद्यावर पाडायची. तिचा उजवा हात लहानपणापासून अधू होता. म्हणून तिने संगणकही मुद्दाम छोटा घेतला होता, पाठीवरच्या पिशवीत मावेल असा. पण आदल्या प्रयोगात भर वादळात तिचा समुद्र गोठला. होडी लाटेवर लटकून राहिली आणि प्रेक्षक खो खो हसले.

दुकानदाराने सगळे ऐकले आणि एक लांबलचक कार्ड पुढे केले. "हे घ्या. फक्त तुमच्या संगणकाचा तो डबा बदलावा लागेल. यात हे मावायचं नाही."

"डबा बदलणार नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, घे ना मोठा," थोरली म्हणाली. "उचलायला आम्ही आहोत की."

"तेच नकोय, ताई. माझं सामान मी उचलणार."

"आणि पुन्हा समुद्र गोठला तर? मग मी रंगवलेले कापडी पडदे आणणार हं. सांगून ठेवते."

"आण."

धाकटीने पिशवीतून पुठ्ठ्याचा एक ठोकळा काढला. डब्यातली मोकळी जागा मोजून तिने तो घरीच चिकटवला होता. लांबी, उंची, जाडी, सगळे त्यात होते. "याच्यापेक्षा मोठं काही दाखवू नका," ती दुकानदाराला म्हणाली.

एक कार्ड लांबीला बसले, पण जाडीला आडवे आले. दुसरे मापात होते, पण त्याला विजेची वेगळी वायर लागत होती आणि तिच्या संगणकात ती नव्हती. दुकानदार वैतागला. शेवटी त्याने भेंडोळ्यांमागे हात घातला आणि मला बाहेर काढले.

"हे बसेल. वीजसुद्धा ज्या खाचेत बसतं तिच्यातूनच घेतं. पण बाई, याच्यात जीव तो केवढा!"

तिने मला ठोकळ्याशेजारी ठेवले. वाकून चारही बाजूंनी पाहिले. "जीव किती आहे ते मी बघते," ती म्हणाली. मित्रांनो, त्या क्षणी मी तिची झाले.

पहिल्या प्रयोगात समुद्र गोठला नाही. पण डब्याची बाजू माझ्या पंख्याला अगदी खेटून होती. मला श्वासच मिळेना. नाटकातला म्हातारा कोळी समुद्रात हरवलेल्या मुलाच्या आठवणीने गप्प बसला होता, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती, आणि मी विंगेतून किंचाळत होते. पडदा पडताच थोरली तरातरा आत आली.

"समुद्र ठीक होता. पण तो पिठाच्या गिरणीसारखा ओरडत का होता?"

"कोंडला होता," धाकटी शांतपणे म्हणाली. "पुढच्या वेळी ओरडणार नाही."

तिने डब्याची ती बाजू काढून टाकली आणि तिथे जाळी बसवली. डाव्या हाताने एकेक स्क्रू पिळताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. शिवाय प्रेक्षकांच्या नजरेला न येणाऱ्या दूरच्या लाटा तिने साध्या केल्या, म्हणजे माझी ताकद जवळच्या लाटांवर लागावी.

पुढच्या प्रयोगाला मी जिवाचे रान केले. वादळ उठले. लाट पडद्यावर चढत गेली, वळली, फुटली. पहिल्या रांगेतल्या मुलांनी चटकन पाय वर घेतले! कोळी गप्प बसला तेव्हा मीही कुजबुजीइतकेच वाजत होते. थोरली विंगेत उभी होती. तिने धाकटीकडे पाहिले. सामान आवरताना तिने नेहमीसारखा पिशवीला हात घातला नाही. "चल, घे तुझा समुद्र," ती म्हणाली. "गाडी थांबलीये."

मग अनेक वर्षे आम्ही हिंडलो. पुढे नाटके मोठी झाली आणि माझ्या जागी नवे कार्ड आले. तेही आखूडच, धाकटीने डबा बदललाच नाही. मला मात्र तालमीच्या खोलीतल्या संगणकात बसवले आणि सगळे विसरले. धुळीने माझा पंखा जाम झाला. पडद्यावरची चित्रे फाटू लागली. "याचे दिवस भरले," कोणीतरी म्हणाले. मी रागाने तापले, दुसरे काय करणार? धाकटीने येऊन मला उघडले, मऊ कुंचल्याने पात्यांमधली धूळ काढली आणि पुन्हा खाचेत बसवले. मी सुरू झाले. अजून सुरू आहे.

तेव्हा मित्रांनो, आम्हाला निवडताना आधी तुमची जागा मोजा. लांबी मोजा, जाडी मोजा, वीज कुठून येणार ते बघा. आम्हाला हवा द्या, आमच्यावरची धूळ झाडा. एवढे केलेत की मग तुमचे सगळ्यात मोठे वादळ माझ्यावर सोडा.