खोटी चपळाई

मित्रांनो, धाड गावच्या बसथांब्यासमोर एक फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या काउंटरखाली बसलेला जुना संगणक म्हणजे मी. बुलढाण्याच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला घडवलं आणि मालक इंद्रभानभाऊंनी घासाघीस करून इथं आणलं. मला चालवणारी प्रणालीही त्यांनी फुकट मिळणारी टाकून घेतली. फुकटची वस्तू उत्तमच असते, असा त्यांचा विश्वास. चहासुद्धा त्यांना दुसऱ्याच्या दुकानातलाच गोड लागतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, साखरपुडे माझ्या डिस्कवर साठत गेले. दुकानात कामाला असलेली छायाताई मला चालवायची. रोज फडक्यानं पुसायची. भाऊंनी उदबत्ती माझ्या पंख्याजवळ खोचली, की गुपचूप दूर सरकवायची.

मग प्रणालीचा अपडेट आला. त्यात माझा कर्नल, म्हणजे आतल्या सगळ्या कामांचा मुकादम, बदलला. नव्या मुकादमाला माझी जुनी डिस्क नीट समजेना. तो तिला रखडत चालवू लागला. एक फोल्डर उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा निवायचा.

अशातच बाजाराच्या दिवशी जनकाबाई आल्या. त्यांचा नवरा नुकताच गेला होता; तेरवीसाठी नातवाच्या लग्नाच्या फोटोतला त्याचा चेहरा मोठा करून हवा होता. छायाताईनं फोल्डर उघडला. मी नुसताच घरघरलो. मागं रांग वाढली.

"काय करून राह्यली व माय? माही गाडी चालली जाईन!" जनकाबाई म्हणाल्या.

"येऊन राह्यले फोटो, मावशी. याले काय झालं कोणास ठाऊक."

फोटो एकदाचे दिसले, तेवढ्यात रांगेची कुरकुर ऐकून भाऊ आले. तिला उठवून स्वतः बसले आणि तोच फोल्डर बंद करून पुन्हा उघडला. मित्रांनो, नुकतंच वाचलेलं मी पुन्हा डिस्कवरून आणत नाही. ते माझ्या तात्पुरत्या स्मृतीत तयार असतं. बोट लागताच मी सगळे फोटो मांडून दाखवले.

"पाहा! मशीन माह्या हातात पळते अन् तुह्या हातात रांगते. काऊन? सारं ध्यान मोबाइलात! उद्यापासून येऊ नको."

रांग हसली. छायाताईनं जनकाबाईंचा फोटो छापून त्यांच्या हातात दिला, मगच पिशवी उचलली. माझ्याच चपळाईनं तिची भाकरी हिरावली होती आणि मला तोंड नव्हतं. माझा पंखा जोरात फिरू लागला. भाऊंना वाटलं, मी खूश आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा फोल्डर उघडला आणि मी रांगलो. त्यांनी मला थापटलं, प्लग काढून लावला, शिव्या दिल्या. शेवटी बुलढाण्याहून दुरुस्तीवाल्या प्रतिमा मॅडमना बोलावलं.

"भाऊ, मधल्या काळात काय बदललं?"

"काही नाही. पोरगी काढली फक्त. तरी हळूच!"

मॅडमनी मला बंद करून चालू केलं. तात्पुरती स्मृती कोरी झाली. एक फोल्डर उघडून वेळ पाहिला. मग पुन्हा बंद करून, सुरू होताना माझ्यात अजून शिल्लक असलेला जुना कर्नल निवडून तोच फोल्डर उघडला. झटकन उघडला! खात्रीसाठी परत नवा लावला. मी परत रखडलो.

"दोष नव्या कर्नलचा आहे. दुरुस्ती येईपर्यंत जुनाच चालवा."

"पण माह्या हातानं तर पळाली होती!"

"तुमच्याआधी तोच फोल्डर कोणी उघडला होता का?"

"छायानं," भाऊ म्हणाले. संध्याकाळी त्यांनी छायाताईला फोन लावून परत बोलावलं.

"ज्यायच्यासमोर हाकललं, त्यायच्यासमोर बलवा," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी येईन."

बाजार भरला. ती दारातच उभी राहिली. भाऊ माझ्याकडं बोट करून पुटपुटले, "चूक याची होती."

"हा तर मुका आहे, मालक. हाकललं कोणी?"

"जोरात बोला की, भाऊ!" रांगेतून आवाज आला. "त्या दिवशी तर पार भाजीबाजारापावतर ऐकू गेलं!"

भाऊंनी घसा खाकरला. "चूक माही होती. छायाची नव्हती."

या वेळी कोणी हसलं नाही. ती आत येऊन खुर्चीवर बसली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, जपा. आमच्यात काही बदललं असेल तर आधी ते तपासा. पण आमच्या एका झटपट उत्तरावरून कुणा माणसाला खोटं पाडू नका. आम्हाला नंतर खुलासा करता येत नाही.

छायाताई आजही मला रोज पुसते. पण भाऊ दुकानात आले, की काही दाखवण्याआधी ती मला बंद करून पुन्हा चालू करते; आधी वाचलेलं काही माझ्या स्मृतीत उरू देत नाही. तेवढा वेळ मी तिच्यासमोर काळा पडदा घेऊन उभा असतो, आणि मला वाटतं, हे बरोबरच आहे.