चौथं शील

जीप फाटकाशी थांबली तेव्हा सोमलता कोठीच्या दाराला बाहेरून कुलूप घालत होती. किल्ली तिनं पांढऱ्या साडीच्या ओच्यात खोचली आणि चालीत घाई दिसू न देता पडवीत आली.

कोठीत तिचा नवरा होता. पियसेन, इथला खासदार. सकाळी पौर्णिमेला दिवसभर पाळायची आठ शीलं घेऊन ती विहारातून परतली, तर हा मागच्या दारी उभा. कोलंबोहून लपतछपत आलेला. 'कोणी विचारलं तर...' एवढंच म्हणाला, काय सांगायचं ते बोललाच नाही. शुक्रवारी संसदेत नावं पुकारून मतं घ्यायची होती. ठराव मंजूर झाला की पुन्हा निवडणूक नाही. लोकांनी एकदा निवडून दिलेले साहेब आता मरेपर्यंत राष्ट्राध्यक्ष. त्यांना एकच मत कमी पडत होतं, आणि पियसेननं अजून हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणणारे दोघे खासदार कुठं आहेत, ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं.

दयापालनं फाटकातच चपला काढल्या. पक्षाचा गावातला माणूस. साहेबांची पोस्टरं चिकटवायला लागणारी खळ त्यानं सोमलताच्याच चुलीवर शिजवून घेतली होती. जीपमधले दोघे मात्र तिनं कधी पाहिले नव्हते. ते खाली उतरले नाहीत.

त्यानं वाकून हात जोडले, मुलांची चौकशी केली, आंब्याला यंदा मोहोर कमी म्हणाला. मग आवाज उतरवला.

"अक्का, मुद्दाम आजच आलो. एरवी तुम्ही नवऱ्याला पदराखाली घ्याल. आज नाही घेणार."

"विचार काय ते."

"दादा घरात आहेत?"

खोटं न बोलण्याचं ते चौथं शील. लग्नाआधीपासून एकाही पौर्णिमेला ते तिच्याकडून मोडलं नव्हतं. तिनं ओच्यावर हात ठेवला.

"नाहीत. इकडे आलेच नाहीत."

दयापाल तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग जीपकडे वळून त्यानं मान हलवली. एकानं आतून काहीतरी विचारलं. शील घेतलेली बाई आहे, झडती कसली घेता, असं दयापाल जरा चिडूनच म्हणाला. जीप नारळीच्या बागेआड गेली.

सोमलता आता कोठीकडे धावली. कुलूप पटकन निघेना.

पियसेन दाराला लागूनच उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा, पायांत बूट, केस पाणी लावून बसवलेले.

"गेले?"

"गेले. नाहीत म्हणून सांगितलं."

तो खाली पोत्यावर बसला.

"तू?" तो म्हणाला. "आज?"

तिनं किल्ली परत ओच्यात खोचली.

"मला वाटलं, तू खरं सांगशील. ते धरून नेतील. मग ठरावाला हो म्हटलं तरी लोक म्हणतील, बिचाऱ्याला धरून नेलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "म्हणून तर पौर्णिमा गाठून आलो."

सोमलतानं कोठीचं दार सताड उघडं टाकलं.

"जीप गेली," ती म्हणाली. "आता जायचं तर आपल्या पायांनी जा. विहारावरूनच वाट आहे. सगळं गाव तिथं बसलंय."

मग ती देवघरात बुद्धमूर्तीपुढं बसली आणि शीलं पुन्हा पहिल्यापासून घेऊ लागली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याशी ती थांबली. आधी त्याच्या हातानं फाटकाची कडी वाजते का, ते तिला ऐकायचं होतं.