भर समुद्रातली भेट

जौफर माझा थोरला भाऊ, आमच्या बेटावर स्वतःच्या मोठ्या होडीचा तांडेल. जाळं कधीच नाही. एकेक कुपा मासा गळाने उचलून फळीवर घ्यायचा. मुनीरावहिनी इथल्याच कारखान्यात तो मासा साफ करायची. डब्यांत भरून तो युरोपला जायचा.

मग मालदीव आता गरीब देश राहिला नाही, असं ठरलं. रेडिओवर अभिनंदनाची भाषणं झाली. गरीब म्हणून युरोपात आमच्या माशावर जकात नव्हती, ती आता लागली. गिऱ्हाइकांनी दुसऱ्या देशाचा स्वस्त मासा धरला आणि कारखान्याला कुलूप लागलं.

"गरिबी गेली म्हणे," वहिनी म्हणाली, "कुणाच्या घरातून गेली, ते तेवढं सांगा."

जौफरने होडी विकली. दूरच्या रिसॉर्टवर पाहुण्यांना मासेमारीला नेण्याची नोकरी धरली. ईदलाही त्याला रजा मिळाली नाही.

ईदनंतर वहिनीने मला विचारलं, "नाझीम, पाहुण्यांना घेऊन तो कुठे येतो?"

"आपल्याच जुन्या जागेवर, खडकाच्या पश्चिमेला."

"मला ने."

"तिथे जाऊन करणार काय?"

"बघणार त्याला. आणखी काय?"

माझ्या लहान होडीतून आम्ही निघालो. पांढरी बोट दिसली. जौफर इस्त्रीच्या सदऱ्यात उभा होता. आम्हाला बघून त्याने इंजिन बंद केलं. होड्या एकमेकींना लागल्या.

"वाळलास," वहिनी म्हणाली.

"जेवण भरपूर असतं तिथे."

"म्हणूनच वाळलास." तिने रोटी आणि माशाच्या चटणीचा डबा पुढे केला. त्याने डब्यासकट तिचा हात क्षणभर धरून ठेवला.

इतक्यात एका पाहुण्याच्या गळाला कुपा लागला. जौफरने तो सोडवला, पाहुण्याचा फोटो झाला, आणि मासा परत पाण्यात गेला.

"सोडलास?" वहिनीने विचारलं.

"त्यांना नको असतो."

वहिनी पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "घरी ये ना."

"येऊन काय करू, मुनीरा? मासा आणीन, पण घेणार कोण?"

पाहुणे चुळबुळ करायला लागले. त्याने इंजिन सुरू केलं. बोट वळली, तरी तो मागेच बघत होता.

तेव्हापासून समुद्र शांत असला की वहिनी डबा भरते आणि मी तिला नेतो. कधी ती पांढरी बोट येते. काल आली नाही. ऊन कलेपर्यंत आम्ही थांबलो. मी होडी वळवायला लागलो तेव्हा वहिनी म्हणाली, "अजून थोडा वेळ थांब."