ढग, कोळी आणि क्योटोचा डबा

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तरी सांगतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, पण साधासुधा नाही. क्योटोजवळच्या डोंगरात एका म्हाताऱ्या कारागिराने सात हजार ठोके देऊन मला घडवलं. शेवटच्या ठोक्याला त्याला शिंक आली, म्हणून झाकणाला हा पोचा. माझ्या तळाला हिरवी मखमल चिकटवली आहे. तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही.

मला कोक्विटलामच्या घरात आणलं सूर्यकांतांनी. ते पुण्याचे इंजिनिअर. दोन वर्षं जपानमध्ये नोकरी करून कॅनडात आले आणि माझ्या पोटात त्यांनी जपानी शब्दांची कार्डं भरली. पुढे देवनागरीत शब्द, मागे चित्र. त्या भाषेत एकाच आवाजाचे शब्द फार. ‘हाशी’ म्हणजे पूल, ‘हाशी’ म्हणजे जेवायच्या काड्या, आणि कडेलाही ‘हाशी’च. आवाज कुठे चढतो, कुठे उतरतो ते कळावं म्हणून सूर्यकांतांनी अक्षरांना वर-खाली रेघा दिल्या. वडिलांच्या वेदाच्या पोथीत असायच्या अगदी तशा.

पण ‘कुमो’ म्हटलं की ढगही ओ देतो आणि कोळीही. त्यांच्या तर रेघाही सारख्याच! अशांना वर्षानुवर्षं पोटात वागवल्यावर संशय हा माझा स्वभावच झाला. समोरचा दिसतो तोच आहे, हे मी कधीच धरून चालत नाही.

पूर्वी रविवारी बेसमेंटमध्ये सूर्यकांतांचा जपानीचा वर्ग भरायचा. “सूर्यकांत, हा डबा नाही, खजिना आहे,” असं वर्गाला येणारे नंदकुमार डॉक्टर म्हणायचे. मग सगळ्यांच्या हातात फोन आले. मी विंटर टायर्सच्या शेजारी जाऊन बसलो. आठ वर्षं कोणी झाकण उघडलं नाही.

यंदा घर विकलं. आता काँडोत, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, जायचं. सूर्यकांतांच्या सुनेने, जयंतीने, बेसमेंटमध्ये तीन ढीग केले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. ती जाता-येता माझ्याकडे बघायची. मला ते बघणं आवडलं नाही. त्यातच रात्री अंधारात माझी कार्डं नाहीशी होऊ लागली. सोमवारी कोळी गेला, मंगळवारी पूल. मी ओळखलं: ही आधी मला रिकामं करणार, मग टाकणार!

शनिवारी तिने मला उचललंच. “बाबा, हा डबा डोनेट करते हं. कार्डं रिसायकलिंगमध्ये.”

सूर्यकांतांचा चेहरा उतरला. “जयंती, अगं, आयुष्य गेलं माझं त्यात.”

“बाबा, काँडोत कपाटं दोन. आणि या कार्डांवरून जपानी आता शिकणार कोण?”

तेवढ्यात नात केया धावत खाली आली. तिच्या हातात माझी कार्डं!

“मॉम, डोन्ट! मी नेली होती, शाळेतल्या जपानीच्या टेस्टसाठी. आजोबांच्या त्या रेघांमुळे मला हाशी-हाशी फायनली कळलं. आय गॉट नाइन्टी-टू!”

म्हणजे जयंती निर्दोष होती. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. अर्धीच, कारण मी अजून तिच्याच हातात होतो.

“बरं, कार्डं ठेवू,” जयंती म्हणाली. “पण हा पोचलेला डबा कशाला? झिपलॉकच्या पिशवीत मावतील ती.”

“पोचलेला?” सूर्यकांत सरसावले. “अगं, क्योटोच्या कारागिराने सात हजार ठोके दिलेत त्याला! म्युझियमवाले मागत होते. मी दिला नाही.”

जयंती वरमली. “अय्या, खरंच? मग असू दे, बाबा.” तिने मला अलगद केयाच्या हातात दिलं.

मित्रांनो, जुना डबा टाकण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. आत कोणाचं तरी अख्खं आयुष्य बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. झाकण जरूर उघडा. तळ मात्र कधीही, कोणत्याही कारणाने, उलटा करून—

“आजोबा!” केयाने मला काखेत घट्ट धरलं होतं आणि हिरवी मखमल तिच्या दोन बोटांत लोंबत होती. “इथे तर लिहिलंय, ‘बटर बिस्किट्स, विनिपेग, कॅनडा’!”