चकत्यांमधलं कुंकू

"आधी पाय वर कर, मंग धागा ओव." मशीनवर बसलं की चांगुणाबाईंचं हे सांगणं मला अजून ऐकू येतं. पाय म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो तो. तो खाली असला की धागा ताणाच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसत नाही. साखरखेर्ड्यातल्या कितीतरी बायकांना शिवण त्यांनीच शिकवली.

त्या गुरुवारी मी पाय वर करूनच धागा ओवला होता, तरी शिवणीखाली गुंता होत होता. समोर गावातल्याच काजलचा, तिच्या लग्नातला ब्लाउज. कापड शालूतलंच, दुसरा तुकडा मिळणार नव्हता. दोनदा उसवलं, रेशमावर सुईची भोकं दिसायला लागली. दिवेलागणीला घरी आणून देते, असा मी तिला शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच वऱ्हाड देऊळगाव राजाला निघणार होतं.

बॉबिन बदलली, सुई बदलली, देवीचं नाव घेतलं. शेवटी चांगुणाबाईंना बोलावून आणलं.

त्यांनी पाय खाली केला आणि नुसता धागा ओढून पाहिला. "पाह्य, कसा सुळकन येऊन राह्यला. त्याले कोणी धरूनच नाही राह्यलं." मग सुती चिंधीची घडी चकत्यांमधून ओढली. चिंधी लालभडक.

"कौशल्ये, हे काय वं?"

"कुंकू हाय, बाई." रोज अंघोळ झाली की मशीनला हळदकुंकू वाहिल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. तेलकट चकत्यांत ते साचत गेलं होतं.

"देवाले निवद दाखवतेस, का त्याच्या नाकातोंडात कोंबतेस?"

मला हसू आलं, पण भीतीही वाटली. "मंग नेम मोडू का?"

"मी काऊन सांगू मोडाले? माही सकाळची बुद्धवंदना चुकली तर मलेच दिवसभर करमत नाही. मशीनच्या फळीच्या कडेले लाव कुंकवाचं ओलं बोट. चकत्या मोकळ्या ठेव."

इतक्या बायकांना शिकवलं, पण बाई कुणाच्या श्रद्धेवरून टोचून बोलल्याचं मला आठवत नाही.

मग त्यांनी दुसऱ्या चिंधीवर माझ्याकडून चार टाके घालून घेतले. खालचा आणि वरचा, दोन्ही धागे मागे धरून सुरुवात करायला लावली. टाका कसा, मोत्यासारखा! मी भोकांकडे पाहत बसले, तर म्हणाल्या, "सुतभर आतून घे, भोकं शिवणीत जातील. दुसऱ्या अंगानं तेवढंच सोड." वय सत्तरीचं, पण नजर अशी की माप घ्यायला टेप लागली नाही.

शेवटचा हूक लावला तेव्हा ऊन अंगणातून निघालं होतं. बाईंना चहा दिला. सुनेला म्हटलं, आज देवापाशी दिवा तू लाव. ब्लाउज धुतल्या पंच्यात गुंडाळला, चपला घातल्या आणि काजलच्या घराकडे निघाले.